ट्रेची दृष्ट

सबनीस साहेबांनी आमच्यामध्ये फळ्या ठोकल्या त्या दिवशी पहिली शिवी मी घातली. मनातल्या मनात घातली, पण अस्सल घातली.

सत्तावन्न सालची गोष्ट. भांडुपला आग्रा रोडला लागून आमचा औषधांचा कारखाना होता. इंजेक्शनचं औषध काचेच्या बारक्या कुप्यांत भरायचं, गॅसच्या ज्योतीवर कुप्यांची तोंडं बंद करायची आणि मग त्या आमच्या खोलीत यायच्या. आम्ही चेकिंगच्या बाया. सहा जणी, टोकाशी काटकोनात वळलेल्या एका लांबलचक टेबलाशी. समोर दिवा, त्याच्या उजेडात एक पांढरा आणि एक काळा पुठ्ठा. कुपी मानेला धरायची, उलटी करायची, पुन्हा सरळ करायची आणि आत काही फिरतंय का ते बघायचं. धागा असला तर तो तरंगतो, पांढऱ्यावर दिसतो. काच असली तर ती काळ्यावर एकदाच चमकते आणि झटकन तळाला बसते. नेमकी तेव्हाच पापणी लवली तर गेली. ती काच पुढे कुणाच्या तरी शिरेत जायची असते, हे आम्हाला कामावर घेतलं तेव्हाच बजावलेलं होतं.

दिवसभर दिव्याकडे बघून डोळे शिणतात. दुपारनंतर तर समोर कुपी आहे की काजवा, कळत नाही. म्हणून आमच्या खोलीने आपली आपण एक रीत पाडली होती. ट्रे तपासून झाला की शेजारणीपुढे सरकवायचा. तिने सगळ्या कुप्यांवरून एकदा नजर फिरवायची, एखादी खटकली तर काढून लाल वाटीत टाकायची आणि मगच ट्रे मांडणीवर ठेवायचा. ‘माझ्या ट्रेची दृष्ट काढ गं,’ असं म्हणायचो आम्ही. वरच्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. आमच्या खात्याचे तेव्हाचे साहेब, जुने डॉक्टर, तपकीर ओढत यायचे, “ठीक?” एवढं विचारायचे आणि जायचे.

माझी जोडी वनमालाशी होती. सुहासिनीची मालनशी.

सुहासिनी आमची हेड. मुलुंडची, मॅट्रिक झालेली, चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली. घरात अंथरुणाला खिळलेले वडील आणि कॉलेजात जाणारा भाऊ, दोघांचा भार हिच्यावर. बोलायला लागली की पंख्यांनीसुद्धा हळू फिरावं असा दरारा. मालन कारखान्यामागच्या चाळीत राहायची. मूळची मालवणकडची. नवरा दत्ताराम गिरणीत होता, पट्ट्यात हात सापडला तेव्हापासून घरीच. पदरात तीन पोरं. या दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या आणि तेव्हापासून शेजारी शेजारी बसलेल्या. जेवायलाही एकाच बाकावर. मालनच्या डब्यात बांगडा नाहीतर सुकट, आणि सुहासिनीला मासळीचा वासही सहन व्हायचा नाही. मालनचा डबा जवळ आला की ती फूटपट्टीने लांब ढकलायची. हाताने कधी नाही.

“विटाळला गो बाय तुझा पिठला,” मालन म्हणायची आणि मुद्दाम डबा पुन्हा जवळ सरकवायची.

फळ्या यायच्या काही महिने आधी सुहासिनीने मला जिन्याखाली गाठलं.

“कुंदा, तोंड बंद ठेवणार असशील तर एक सांगते.”

तोंड बंद ठेवण्याबद्दल माझी काही फारशी ख्याती नव्हती, पण मी मान हलवली.

“मालनचे डोळे गेलेत. रोज तिच्या ट्रेमधून मी दोन-तीन कुप्या काढते. धागे असतात गं आत, हे एवढाले. तरंगत असतात, आणि हिला दिसत नाहीत.”

“तिला बोललीस?”

“काय बोलू? घरी सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. आणि मी आहे ना शेजारी. मी बघते तोवर वाईट कुपी बाहेर जाणार नाही.”

मग मी मालनवर लक्ष ठेवायला लागले. खरंच, तिची मान सारखी सुहासिनीच्या बाजूला कललेली असायची. संध्याकाळी डोळे लालबुंद. मधेच उठून नळावर जायची आणि डोळ्यांवर पाणी मारून यायची. सुहासिनी तिच्या ट्रेमधून कुपी काढून वाटीत टाकायची तेव्हा मालन नुसती बघत राहायची, चकार शब्द बोलायची नाही. मला पटलं. मला वाईटही वाटलं आणि सुहासिनीचं कौतुकही. एवढी फटकळ बाई, पण मैत्रिणीला कसं सांभाळून घेतेय, असं वाटलं.

जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी श्यामकांत सबनीस आले. तरुण, टापटीप, रागावले तरी आवाज न चढवणारे. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यांनी आमची मोडकी स्टुलं काढून पाठीच्या खुर्च्या दिल्या, पिवळे बल्ब काढून ट्यूबलाइट लावले. आम्ही खूश. मग सुतार आले आणि त्यांनी टेबलावर उभ्या फळ्या ठोकल्या, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना, डोक्याच्या वर जातील एवढ्या.

“तुमचं लक्ष उडतं,” साहेब म्हणाले. “यापुढे बोलणं नाही, ट्रे सरकवणं नाही. प्रत्येकीच्या ट्रेला आणि खोक्याला तिचा नंबर. चूक झाली तर कुणाची झाली ते कळलं पाहिजे.”

बरोबरच होतं म्हणा. आतापर्यंत आमच्याकडे चूक कुणा एकीची नव्हतीच, सगळ्या खोलीची होती. पण मालनचं काय?

मी सुहासिनीला म्हटलं, “आपली रीत साहेबांना सांग. ऐकतील ते.”

“काय सांगू? एका बाईच्या कामाला दुसऱ्या बाईची नजर लागते? कशाला लागते, असं विचारलं तर? मग मालनचं नाव निघणार. गप्प बस तू.”

मी मालनलाही विचारून बघितलं. नळावर ती डोळे धूत होती. ती तर सुहासिनीपेक्षा जास्त घाबरली. माझा हातच धरला तिने.

“नको गो. तोंड बंद ठेय. सांगलंस तर एकीची नोकरी जातली.”

मला वाटलं, बिचारी स्वतःबद्दल बोलतेय.

फळ्या आल्यापासून खोलीत नुसता कुप्यांचा टिकटिक आवाज. खोकला आला तरी दचकायला व्हायचं. शेजारी वनमाला बसलीय की नाही ते मला तिच्या बांगड्यांवरून समजायचं. सुहासिनीचा जीव टांगणीला लागलेला. ती हेड म्हणून मधूनमधून उठून फेरी मारू शकायची, पण मालनच्या ट्रेला हात लावायची सोय नव्हती. आणि त्याच दिवसांत मालनने आमच्याबरोबर जेवणं सोडलं. जेवणाचा भोंगा झाला की आम्ही डबे घेऊन मागच्या बाकावर जायचो, आणि ती खोलीतच राहायची. विचारलं तर “भूक नाय” म्हणायची.

“बघितलंस?” सुहासिनी घास हातात धरून म्हणायची. “काम उरकत नाही तिचं. एकेक कुपी दोन-दोनदा बघत असणार. दिसतच नाही तर काय करेल?”

तिचं पिठलं तसंच राहायचं. मला बाकावरची ती रिकामी जागा बघवायची नाही. बांगड्याचा वास नाही, फूटपट्टी नाही, काही नाही.

मग व्हायचं ते झालं. एका इस्पितळातून निरोप आला की कुपीत काच सापडली. कंपाउंडरने सुई भरता भरता बघितली म्हणून निभावलं. खोकं त्यांनी फेकून दिलं होतं, त्यामुळे नंबर काही कळला नाही. साहेबांनी आम्हाला ओळीने उभं केलं. आवाज चढवला नाही, पण ओठ पांढरे पडले होते.

“सहांपैकी कुणीतरी एक,” ते म्हणाले. “मी शोधून काढीन. आणि ती कोण आहे, तिच्या घरी काय आहे, हे मी विचारणार नाही. इथे दया दाखवली तर तिकडे माणूस मरेल.”

कुणी कुणाकडे बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी मालनकडे बघितलं, पण तिला दिसणार नाही असं. ती जमिनीकडे बघत होती. सुहासिनीने पुढे पाऊल टाकलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला परत जिन्याखाली ओढलं. चेहरा उतरलेला.

“शनिवारी परीक्षा आहे. कुणाला न सांगता. मी केबिनमध्ये गेले तेव्हा साहेब तयारी करतच होते. वाईट कुप्या निवडून प्रत्येकीच्या ट्रेमध्ये मिसळणार. कुठल्या ते नंतर ओळखायला यावं म्हणून बुडाला काच कापायच्या हिरकणीने बारीक ओरखडा काढतायत. दोन सुटल्या की घरी.”

“तुला सांगितलं त्यांनी?”

“म्हणाले, सुहासिनीबाई, तुम्ही हेड, तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हालाही बसावं लागेल, पण ते आपलं नावाला.” तिने कपाळाला हात लावला. “आयुष्यात कधी कॉपी केली नाही मी कुंदा. मॅट्रिकला शेजारची दाखवत होती तरी बघितलं नाही. पण मालनला सांगणार. बुडाला बोट फिरव म्हणणार. डोळ्यांना नाही दिसलं तरी बोटाला लागेल.”

“आणि मग? शनिवार निभावला, सोमवारचं काय? ती काच कुणाच्या तरी अंगात जाईल त्याचं?”

बोलून गेले खरी. ती माझ्याकडे इतक्या रागाने बघायला लागली की मी एक पाऊल मागे सरकले. मग तिचा राग एकदम ओसरला.

“मला कळत नाही असं वाटतं तुला? झोप नाही मला. एकदा शनिवार निभावू दे. मग साहेबांकडे जाऊन मीच मागून घेईन, मालनला बाटल्या धुण्यावर द्या म्हणून. कामावरून जाण्यापेक्षा ते बरं. पण आधी ती कामावर राहिली पाहिजे.”

शनिवारी सकाळी भोंगा व्हायच्या आधी आम्ही तिघी नळापाशी होतो. सुहासिनीच्या एप्रनचं बटण तुटलं होतं. तिने सुई-दोरा मालनपुढे धरला.

“ओवून दे गं. माझे हात थरथरतायत आज.”

मालनने दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं आणि एका झटक्यात ओवलं. सुहासिनी बटण लावायला लागली, आणि खाली मान घालूनच हलक्या आवाजात तिने सगळं सांगितलं. परीक्षा, हिरकणी, ओरखडा. “बुडाला बोट फिरव. हळूच. कुणाला कळणार नाही.”

मालन थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिली.

“ह्या तुका कोणी सांगला?”

“ते सोड. तू बोट फिरव म्हणजे झालं.”

“माका त्याची गरज नाय.” मग मालनने इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या मनगटाला धरलं. “सुहास, आयक माझा. तूच फिरय बोट. तुझ्या ट्रेक.”

“मी?” सुहासिनी ताडकन म्हणाली. “मी कशाला फिरवू?”

“फिरय म्हणतंय ना. माझ्यासाठी फिरय.”

“वेड लागलंय का तुला? मी तुझ्यासाठी इथे लाज सोडून उभी आहे आणि तू मलाच शिकवतेस? तुझ्या पोरांकडे बघ आणि सांगते ते कर!”

भोंगा झाला. मालनच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. ते भीतीचं असणार, असंच मी धरून चालले. सुहासिनी पाय आपटत आत गेली. ताठ, आणि मनापासून दुखावलेली.

साहेबांनी प्रत्येकीपुढे एकेक ट्रे ठेवला आणि परीक्षा आहे म्हणून सांगितलं. वनमालाने देवाचं नाव घेतलं ते फळीपलीकडून मला ऐकू आलं. मी पहिली कुपी उचलली. पांढऱ्यावर काही नाही, काळ्यावर काही नाही. दुसरी. तिसरी. साहेब आमच्या पाठीमागून चालत होते, बुटांचा आवाज जवळ यायचा आणि लांब जायचा. एका कुपीत काळ्यावर लख्खकन काहीतरी चमकलं आणि तळाला गेलं. मी ती वाटीत टाकली आणि हात एप्रनला पुसले. बुडाला बोट लावायचा मोह मला झाला नाही असं नाही. पण लावलं नाही.

माझी जागा टेबल वळतं तिथे होती, म्हणून मान थोडी मागे घेतली की समोरच्या दोघींचे हात दिसायचे. मालन सावकाश चालली होती. उचल, उलट, थांब, सरळ, थांब. बोट बुडाकडे जात नव्हतं. जाऊ दे ना गं बाई, असं मी मनात ओरडत होते. अभिमान कसला धरून बसलीस? तिच्या वाटीत थोड्याच कुप्या पडल्या होत्या. शेजारी सुहासिनीचे हात झरझर चालले होते आणि तिची वाटी भरत चालली होती. मला वाटलं, काय नजर आहे बाईची. आपण किती सोडल्या असतील देव जाणे.

साहेबांनी थांबायला सांगितलं. मग एकेकीची वाटी टेबलावर पालथी करून ते प्रत्येक कुपीच्या बुडावरून नख फिरवायला लागले. नंतर ट्रेमधल्या कुप्या बघायचे. वनमालाची एक सुटली होती. ती रडायलाच लागली, पण एक चालत होती. माझी एकही सुटली नाही. बाकीच्या दोघी निभावल्या. मग मालन.

सुहासिनी उठून मालनच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

साहेबांनी मालनच्या वाटीतली एकेक कुपी उचलली. ओरखडा. ओरखडा. ओरखडा. मग ट्रे बघितला, पुन्हा बघितला.

“सगळ्या सापडल्या. एकही चांगली फुकट घालवली नाही. शाबास, मालनबाई.”

सुहासिनीने जो श्वास सोडला तो सगळ्या खोलीला ऐकू आला. तिने मालनच्या खांद्यावर थाप मारली. बोट फिरवलंच शेवटी शहाणीने, असा तिचा चेहरा. मालन हसली नाही. ती सुहासिनीच्या वाटीकडे बघत होती.

साहेब त्या वाटीकडे वळले, थोडे हसतच. पहिल्या कुपीला ओरखडा नव्हता. दुसरीलाही नव्हता. त्यांचं हसू गेलं. एकीला सापडला. मग पुढे नाही, नाही, नाही. त्यांनी ट्रे जवळ ओढला आणि नख फिरवत त्यातून ओरखड्याच्या कुप्या बाहेर काढायला लागले. एक, दोन, तीन. तिन्हींत काच. काळ्या पुठ्ठ्यासमोर धरल्यावर मला लांबून चमकलेली दिसली.

“ट्रे बदललाय,” सुहासिनी म्हणाली. “हा माझा ट्रे नाही.”

“तुमचाच आहे, बाई.” साहेबांचा आवाज चाचरत होता. “तुमच्या काचा सुटल्यात. आणि या वाटीतल्या... या चांगल्या कुप्या आहेत.”

“चांगल्या? डोळे आहेत का तुम्हाला?” हेड असूनही ती साहेबांशी अशी कधी बोलली नव्हती. तिने वाटीतली एक कुपी उचलली आणि पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरली. “हा काय धागा. हा बघा, वर आला. आता खाली चाललाय. हा! दिसत नाही? कुंदा, तू बघ. वनमाला!”

मी बघितलं. कुपीत स्वच्छ पाणी होतं. त्यात काहीच नव्हतं. मी पुन्हा बघितलं, कारण तिच्या आवाजात अशी विनवणी होती की मला धागा दिसायलाच हवा होता. खोटं बोलावं असंही क्षणभर वाटलं.

“नाही दिसत गं,” मी म्हटलं.

मालन उठली. तिने सुहासिनीच्या हातातून कुपी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. मग तिचे खांदे धरून तिला खिडकीशेजारच्या चुना लावलेल्या भिंतीकडे वळवलं.

“थयसर बघ. भिंतीर.”

“काय बघू?”

“बघ नुसता. डोळे हलय.”

सुहासिनी भिंतीकडे बघायला लागली. डोळे डावीकडे गेले, उजवीकडे गेले, वर गेले आणि हळूच खाली आले. मग ती तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग आमच्या डोळ्यांदेखत उतरला. तो धागा भिंतीवरही तरंगत होता.

“तुझ्या डोळ्यात आसा तो,” मालन म्हणाली. “कुपीत नाय.”

सुहासिनीने भिंतीवर हात टेकला. 

“माझ्या ट्रेमधून काढत होतीस त्यो कुप्यो वाटीतून उचलून मी बघलंय,” मालन सावकाश बोलत होती, जणू एखाद्या पोराला समजावत होती. “चांगल्यो होत्यो. गेल्यो तर गेल्यो, चांगल्यान कोण मरणा नाय. पण तुझ्या ट्रेत काच गावाक लागली. ती मी काढी होतंय. म्हणान गप रवलंय.”

“आणि फळ्या बसल्यावर?” हे मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं. बाकावरची ती रिकामी जागा.

“जेवणाच्या सुट्टीत. मांडणीवरचे हिचे ट्रे.” मालनने डोळे पुसले. “अर्धे बघलंय. सगळे जमाक नाय.”

साहेब खुर्चीत बसले. त्यांनीच दिलेल्या पाठीच्या खुर्चीत. “मालनबाई, तुम्हाला ठाऊक होतं? आणि तुम्ही बोलला नाहीत? तपासून झालेल्या ट्रेला हात लावलात, परवानगी न घेता...” त्यांना पुढचं सुचेना. “याचा अर्थ समजतो का तुम्हाला? तुम्हालाही मी...”

“तिचं नंतर बघा,” सुहासिनी म्हणाली.

ती अजून भिंतीकडेच तोंड करून होती. वळली तेव्हा तिचा आवाज रोजचा होता, हेडचा.

“फळ्या बसल्यापासूनची माझ्या नंबरची सगळी खोकी अडवा साहेब. लॉरी संध्याकाळी सुटते, आज आधी तीच थांबवा. जी बाहेर गेली ती परत मागवा, इस्पितळांना फोन करा. इस्पितळातली ती काच माझीच होती.”

“बाई, हे तुम्ही बोलताय म्हणजे...”

“मला कळतंय मी काय बोलतेय ते. दोन सुटल्या की घरी, असं तुम्हीच ठरवलंत, आणि माझ्या तीन सुटल्या. तुम्ही जा आधी. लॉरी भरतायत.”

साहेब उठले आणि अक्षरशः धावत गेले. त्यांना धावताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

सुहासिनीने एप्रनची बटणं सोडली. सकाळी लावलेल्या बटणापाशी तिची बोटं अडखळली. एप्रन घडी करून तिने खुर्चीवर ठेवला. वनमाला हुंदके देत होती. माझ्या तोंडाला तर कुलूपच लागलं होतं, आणि माझ्या ओळखीचं कुणी ते खरं मानणार नाही.

“मला का सांगितलं नाहीस?” तिने मालनला विचारलं.

“सांगून तू आयकलं असतंस काय गो?”

सुहासिनीने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायला अजूनही जागा होती. मी नकारार्थी मान हलवली. नसतं ऐकलं तिने. मालनला आंधळी म्हणाली असती, आणि मीही तिचीच री ओढली असती.

“मी तुला बाटल्या धुण्यावर पाठवायला निघाले होते,” सुहासिनी म्हणाली आणि मग तिचं रडू फुटलं. तोंडावर पदर घेऊन, उभ्या उभ्या, लहान मुलीसारखी रडली. आता वडिलांचं काय, भावाच्या फीचं काय, हे ती बोलली नाही. पण ते सगळं त्या रडण्यात होतं आणि आम्हाला ते कळत होतं. मालन तिला धरायला पुढे झाली तर तिने हाताने तिला थांबवलं. चेहरा पुसला. आणि तरातरा खोलीबाहेर गेली.

मला वाटलं, गेली. तशीच घरी गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत मालनचा डबा होता. फूटपट्टी नाही, पदर नाही, उघड्या हातांनी धरलेला. तिने मालनला तिच्या खुर्चीत बसवलं, समोरचा कुप्यांचा ट्रे बाजूला सारला आणि डबा टेबलावर ठेवून झाकण स्वतः उघडलं. बांगड्याचा वास खोलीभर पसरला. त्या खोलीत डबा उघडायला सक्त मनाई होती. 

“जेव आधी,” सुहासिनी म्हणाली. “पोटभर जेव. खाली माझी पुष्कळ खोकी आहेत, ती सगळी तुलाच बघायचीत.”